गमलियेलचा सल्ला नको

गमलियेलचं कौतुक मला आता ऐकवत नाही. ख्रिस्ती प्रवचनात तो समजूतदार विरोधक म्हणून येतो. सर्वधर्मसलोख्याच्या भाषणात तो मोठ्या मनाचा रब्बी म्हणून येतो. आणि ज्यांनी बायबल कधी उघडलेलं नाही तेही त्याचंच म्हणणं वेगळ्या शब्दांत बोलत असतात : सोडून द्या हो त्यांना, खोटं असेल तर आपोआप संपेल, खरं असेल तर कुणाला संपवता येणार नाही. ऐकायला उदार वाटतं. माझ्या मते ते औदार्य नाही, टाळाटाळ आहे. ज्याच्या जिवावर बेतलंय त्यानं या टाळाटाळीच्या भरवशावर राहू नये.

प्रसंग ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला आहे. येशूला क्रूसावर चढवल्याला फार काळ लोटलेला नाही. जेरुसलेमच्या मंदिराच्या ‘सुंदर’ नावाच्या दरवाजाशी चाळिशी उलटलेला एक जन्माचा पांगळा भीक मागत बसलेला असतो. पेत्र आणि योहान त्याला येशूच्या नावानं उभं करतात. गर्दी जमते, पेत्र बोलायला लागतो, आणि याजक, मंदिराच्या शिपायांचा नायक व सदूकी पंथाचे लोक येऊन दोघांना धरतात. संध्याकाळ झालेली असते म्हणून रात्रभर कोठडीत. दुसऱ्या दिवशी न्यायसभेपुढे प्रश्न : कुणाच्या अधिकारानं हे केलंत? अशिक्षित, सामान्य माणसं ही. शिक्षा करावी तर लोक खवळतील. म्हणून धमकी : या नावानं पुन्हा बोलायचं नाही. ते पुन्हा बोलतात. पुन्हा अटक होते. या वेळी सभेला त्यांचा जीवच घ्यायचा असतो. तेव्हा गमलियेल नावाचा परूशी शास्त्री उठतो, आरोपींना बाहेर न्यायला लावतो आणि तो प्रसिद्ध सल्ला देतो. मागे थुदास आला, चारशे माणसं जमवली, मारला गेला, माणसं पांगली. मग नावनिशीच्या वेळी गालीलकर यहूदा उठला, त्याचंही तेच झालं. तेव्हा यांच्या वाटेला जाऊ नका. माणसांचं काम असेल तर मोडेल, देवाचं असेल तर तुम्हाला मोडता येणार नाही.

प्रवचन बहुधा इथं थांबतं. पुस्तक थांबत नाही. सभेनं गमलियेलचं ऐकलं, म्हणजे काय केलं? प्रेषितांना आत बोलावलं, फटके मारले, पुन्हा तोंड बंद ठेवायची ताकीद दिली आणि सोडलं. सहिष्णुतेच्या या विजयातल्या फटक्यांचा हिशोब कुणी देत नाही. ‘त्यांच्या वाटेला जाऊ नका’ असं सांगणाऱ्यानं फटक्यांना हरकत घेतल्याची नोंद लूकनं तरी केलेली नाही.

ही धर्मसत्ता म्हणजे कोण, तेही नीट बघायला हवं, कारण ‘यहुद्यांनी ख्रिस्ती लोकांचा छळ केला’ या एका वाक्यानं पुढे युरोपात फार रक्त सांडलं. पेत्र यहुदी होता, योहान यहुदी होता, मंदिरात प्रार्थनेला जाणारे होते. भांडण घरातलं होतं, आणि घरातल्या सगळ्यांशीही नव्हतं. ते होतं मुख्यतः याजकांच्या श्रीमंत घराण्यांशी. त्यातलं सर्वात मोठं हन्नाचं. हन्नाला इ.स. ६मध्ये रोमन अधिकारी क्विरिनियसनं महायाजक केलं आणि १५मध्ये दुसऱ्या रोमन अधिकाऱ्यानं काढलं. त्याचा जावई कयफा सुमारे अठरा वर्षं त्या गादीवर होता, हन्नाचे पाच मुलगे वेगवेगळ्या वेळी त्याच गादीवर बसले. आणि महायाजकाचा पवित्र पोशाख? तो कित्येक वर्षं मंदिराला लागून असलेल्या अँटोनिया किल्ल्यात रोमनांच्या कुलपात असायचा. सणाच्या आधी काढून द्यायचे, सण झाला की परत जमा. ज्याचे धर्माचे कपडे परक्या पलटणीच्या कपाटात आहेत, तो माणूस एका बऱ्या झालेल्या पांगळ्याला का घाबरतो, हे मला चटकन समजतं. गर्दी म्हणजे गडबड, गडबड म्हणजे रोमन, रोमन म्हणजे आपली खुर्ची. त्याला ईश्वरनिंदेचं नाव दिलं की काम भागतं.

आता सल्ल्याकडे येऊ. गमलियेलनं दिलेले दाखलेच गडबडीचे आहेत. जोसेफस या पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकाराच्या लेखी थुदास फादुसच्या काळात, म्हणजे इ.स. ४४नंतर होऊन गेला. हे भाषण त्याच्या किती तरी आधीचं. भाषण लूकनं काही दशकांनी रचून लिहिलं, त्यात घोळ झाला, असं बरेच अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं. त्यावरून लूकला धारेवर धरायचं कारण नाही. पण यहूदाचं काय? यहूदा मेला आणि माणसं पांगली, असं गमलियेल म्हणतो. जोसेफस सांगतो ते उलट आहे. देवाखेरीज कुणाला धनी मानायचं नाही, हा यहूदाचा विचार मुरत गेला. त्याच्या दोन मुलांना चाळीसच्या दशकात रोमनांनी क्रूसावर दिलं. इ.स. ६६मध्ये बंड पेटलं तेव्हा मसादाचा शस्त्रसाठा फोडून राजासारखा जेरुसलेमात शिरलेला मनहेम याच यहूदाच्या घरातला. आणि त्या बंडाचा शेवट काय? ७०मध्ये मंदिराची राख. म्हणजे ज्या गोष्टीचा निकाल लागला असं गमलियेल छातीठोकपणे सांगत होता, तिचा निकाल तीस-पस्तीस वर्षांनी लागायचा होता. ‘टिकतंय का बघू’ म्हणणाऱ्याला कधीपर्यंत बघायचं हे कधीच सांगता येत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्याकडे गमलियेल दर आठवड्याला भेटतो. ‘सहा वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालतंय, म्हणजे बरोबरच असणार.’ चालतंय याचा अर्थ एवढाच, की ज्या आकड्यावर ते कोसळणार आहे तो आकडा अजून कुणी टाकलेला नाही. आणि उलट बाजूनं, नीट विचार करून लिहिलेली कितीतरी कामं पैसे संपले म्हणून गुंडाळलेली मी पाहिली आहेत. त्यांच्यात काही खोट होती म्हणून ती मेली नाहीत. टिकणं आणि खरं असणं यांचा संबंध जोडणं ही आळशी माणसाची तपासणी आहे.

गमलियेलच्या सल्ल्याला आणखी एक साक्षीदार आहे, त्याच्याच वर्गातला. काही पानांनंतर स्तेफनला सभेपुढे आणतात. तो मंदिराविरुद्ध आणि नियमशास्त्राविरुद्ध बोलतो, असे खोटे साक्षीदार उभे केले जातात. स्तेफन लांबलचक भाषण करतो, सभा दात खाते, त्याला शहराबाहेर ओढत नेऊन दगडांनी मारतात. मारणाऱ्यांनी आपली वस्त्रं शौल नावाच्या एका तरुणाच्या पायाशी ठेवली होती. हाच पुढे पौल होतो, आणि मी गमलियेलच्या पायाशी बसून शिकलो असं सांगतो. आपण छळ करत होतो हे त्यानं स्वतःच्या पत्रांतही लिहून ठेवलंय. गुरूचं ‘वाटेला जाऊ नका’ शिष्याच्या दगडांपर्यंत तरी टिकलं नाही. टिकणारही कसं? त्या सल्ल्यात ‘असं करता येणार नाही’ हे कुठंच नव्हतं. ‘असं करण्यात फायदा नाही’ एवढंच होतं. फायद्याचा हिशोब उद्या बदलला की सल्लाही बदलतो.

याचा पुरावा मी छळ सोसणाऱ्यांच्या वारसांकडूनच देतो. चौथं शतक. डायोक्लेशियनच्या ३०३च्या छळानंतर उत्तर आफ्रिकेतली ख्रिस्ती मंडळी फुटली. छळात ज्यांनी धर्मग्रंथ सरकारच्या हवाली केले अशांच्या हातून झालेल्या दीक्षा मानायच्या की नाहीत, यावरून. न मानणारे ते डोनाटिस्ट. (त्यांच्यातही दांडकी घेऊन फिरणारे होते, ते काही गरीब गाय नव्हते.) हिप्पोचा बिशप ऑगस्टिन आधी म्हणत होता, की कुणावर जबरदस्ती करू नये, वाद घालून जिंकावं. मग ४०८च्या सुमाराच्या एका पत्रात आपलं मत का बदललं ते त्यानं लिहिलं. कारण काय? माझ्याच गावाचं उदाहरण माझ्यापुढे ठेवलं गेलं, गाव सगळं डोनाटिस्ट होतं, बादशहाच्या कायद्यांच्या धाकानं ते आपल्याकडे आलं आणि आता त्यांना जुन्या पंथाचा तिटकारा आहे. म्हणजे जबरदस्ती चालली! टिकली! मग ती देवाचीच असणार. ऑगस्टिन माझ्यापेक्षा हजार पटीनं हुशार होता यात वाद नाही, पण हा युक्तिवाद गमलियेलचाच आहे, फक्त काठी धरणारा हात बदललाय. त्याच्या आधी, ३८५मध्ये, आविलाचा बिशप प्रिसिलियन याचं डोकं ट्रियरमध्ये एका ख्रिस्ती सम्राटाच्या हुकमानं उडवलं होतं, तक्रार करणारे बिशपच. तेव्हा जीव तोडून मध्ये पडला तो तूरचा मार्टिन. आणि हा सिलसिला आपल्या किनाऱ्यालाही लागला : १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, गोव्यात इन्क्विझिशन चालू होतं.

‘पण सत्य शेवटी टिकतंच ना?’ हे आपल्याकडे फार लाडकं आहे. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, फेब्रुवारी २०१५मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसऱ्यांना. त्यानंतर ‘माणूस मारता येतो, विचार मारता येत नाही’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं! दुःखात बोललेल्या वाक्याची चिरफाड करू नये, हे मला कळतं. तरी करतो, कारण ते खोटं आहे. विचार मारता येतो. येशूला मानणारे आणि मोशेचं नियमशास्त्रही पाळणारे यहुदी ख्रिस्ती पहिल्या शतकात जेरुसलेममध्ये या चळवळीच्या मध्यभागी होते. पुढे त्यांच्या वारशातल्यांना चर्चच्या लेखकांनी ‘एबियोनी’ म्हणून पाखंड्यांच्या यादीत टाकलं. त्यांचं शुभवर्तमान आज आपल्याला फक्त त्यांच्या विरोधकाच्या पुस्तकातल्या उताऱ्यांतून माहीत आहे. ते चूक होते म्हणून संपले? गमलियेलच्या मापानं होय. मला ते माप मान्य नाही. आणि विचार मरत नाही असं एकदा म्हटलं, की माणसाच्या खुनाचा खटला अकरा वर्षांनी, मे २०२४मध्ये निकाली निघतो, त्यात दोघांना जन्मठेप होते, तिघे सुटतात, आणि आपण विचाराच्या अमरत्वावर समाधान मानून गप्प बसायला मोकळे होतो.

मग गमलियेल नको तर कोण हवं? मला हवी आहेत ती इ.स. ६२मधली माणसं. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

जेरुसलेमच्या मंडळीचा पुढारी तेव्हा याकोब होता, येशूचा भाऊ. रोमन सुभेदार फेस्तस वारला होता, नवा सुभेदार अल्बिनस अजून वाटेत होता. मधल्या काळात शहराला वरिष्ठ नाही. नवा महायाजक होता हन्नाचा मुलगा, त्याचंही नाव हन्नाच. धाकटा हन्ना म्हणू. जोसेफस त्याला उतावळा म्हणतो. त्यानं संधी साधली, न्यायाधीशांची सभा भरवली, याकोब आणि ‘इतर काहीजण’ यांच्यावर नियमभंगाचा आरोप ठेवला आणि त्यांना दगडमाराला दिलं. हे ‘इतर काहीजण’ मी वाचताना दर वेळी अडतो. किती होते, कोण होते, एक अक्षर नाही.

पुढचं मात्र जोसेफसनं लिहून ठेवलंय. शहरातली जी माणसं सर्वात न्यायी आणि नियमशास्त्र काटेकोर पाळणारी समजली जात, त्यांना हे अजिबात खपलं नाही. त्यांनी राजा अग्रिप्पाकडे गुपचूप माणूस धाडला : याला आवरा. काहीजण तर अलेक्झांड्रियाहून येणाऱ्या अल्बिनसला वाटेतच गाठायला गेले आणि त्याला सांगितलं, की तुमच्या परवानगीशिवाय सभा भरवायचा हन्नाला अधिकारच नव्हता. अल्बिनसनं संतापून धमकीचं पत्र लिहिलं. अग्रिप्पानं तीन महिन्यांत हन्नाची गादी काढून घेतली.

ही माणसं याकोबाच्या पंथाची होती, असं जोसेफस म्हणत नाही. येशूबद्दल त्यांचं काय मत होतं, ते तो सांगत नाही, आणि गंमत म्हणजे ते कळायची गरजही पडत नाही. याकोबाचं काम देवाचं की माणसाचं, टिकेल की मोडेल, यावर त्यांनी शब्द खर्च केलेला नाही. त्यांचं म्हणणं कोरडं होतं, कारकुनी होतं : ही सभा बेकायदा आहे. मला हाच कोरडेपणा हवा आहे. आपल्याला समोरच्याचा देव पटत नसला, तो आपल्या डोक्यात जात असला, तरी तेवढं म्हणता येतं. गमलियेलसारखं देवाच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधावा लागत नाही.

यावर मला दोन आक्षेप ऐकायला मिळाले आहेत. पहिला, की गमलियेलच्या सल्ल्यानं त्या दिवशी जीव वाचले, आणि या तुमच्या नियमवाल्यांचं पत्र पोचलं तेव्हा याकोब मेलेला होता. खरं आहे. संतापलेल्या सभेत जे चालेल ते बोलावं लागतं, हे मी नाकारत नाही. पण मग त्याला युक्ती म्हणा. तत्त्व म्हणून देव्हाऱ्यात बसवू नका. शिवाय त्याच सभेत दुसरं बोलणंही शक्य होतं. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला पकडायचं घाटत असताना निकदेम एकच प्रश्न विचारतो : माणसाचं ऐकून न घेता आपलं शास्त्र त्याला दोषी ठरवतं का? त्यावर उत्तर येतं, तूही गालीलचाच का रे? आजही नियमाचा प्रश्न विचारला की आधी गाव विचारतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नियम म्हणजे न्याय नव्हे. सन ११२च्या सुमारास प्लिनी नावाच्या सुभेदारानं सम्राट ट्रेजनला विचारलं, ख्रिस्ती लोकांचं काय करू. उत्तर आलं : शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण समोर आणले गेले, सिद्ध झालं आणि देवांना मान द्यायला नकार दिला तर शिक्षा करा. नियम अगदी व्यवस्थित, आणि माणूस व्यवस्थित मेला. मान्य. पण प्लिनीकडे नावांची एक निनावी यादी आलेली होती. ट्रेजनच्या अर्ध्या ओळीनं असल्या याद्या केराच्या टोपलीत गेल्या. त्या यादीतल्या माणसांना विचारा ती ओळ कशी वाटली. नियम वाईट असेल तर तो बदलण्यासाठी भांडता येतं, कारण तो लिहिलेला असतो. ‘बघू टिकतात का’ याच्याशी कुणी कसं भांडायचं?

खुद्द गमलियेललाही माझा मुद्दा कळत होता, असा माझा संशय आहे. यहुदी परंपरेत तो रब्बान गमलियेल म्हणून लक्षात आहे तो या भाषणासाठी नाही, ते भाषण तिथं नाहीच. मिश्नेत त्याचा एक नियम आहे. पूर्वी नवरा बायकोला घटस्फोटाचं पत्र धाडायचा, आणि ते तिच्या हाती पडायच्या आधी दुसऱ्याच गावी पंच बसवून परस्पर रद्द करायचा. तिला पत्ताच नाही. ती मोकळी झाले म्हणून दुसरं लग्न करणार आणि व्यभिचारी ठरणार. गमलियेलनं हे बंद केलं. तिच्या पाठीमागे, दुसरीकडे सभा भरवून निकाल फिरवायचा नाही, जगाची घडी नीट राहावी म्हणून. इथं त्यानं ‘देवाच्या मनात असेल तर होईल’ असं म्हटलं नाही. एका बाईच्या बाबतीत जे त्याला इतकं स्वच्छ दिसलं, ते प्रेषितांच्या बाबतीत बोलला असता तर त्याचं कौतुक मीही केलं असतं.

धाकट्या हन्नाचं पुढे काय झालं, तेही जोसेफस सांगतो. ६७-६८च्या हिवाळ्यात बंडखोरांचे मित्र शहरात शिरले, त्यांनी त्याला मारलं आणि प्रेत उघड्यावर टाकलं. कसलीही सभा भरली नाही. लगेच नंतर बंडखोरांना बारिसचा मुलगा जखऱ्या हा एक श्रीमंत माणूस नको झाला. पण नुसत्या कत्तलींचा त्यांना कंटाळा आला असावा, त्यांनी खटल्याचं सोंग काढायचं ठरवलं. शहरातली सत्तर माणसं मंदिरात न्यायाधीश म्हणून बसवली. आरोप : रोमनांशी संधान. पुरावा काही नाही. जखऱ्यानं उभं राहून आरोपांची खिल्ली उडवली. त्या सत्तर जणांना बोलावलं होतं ते मान डोलावण्यासाठी, आणि नाही डोलावली तर काय होईल हे त्यांच्याभोवती तलवारी घेऊन उभं होतं. सत्तरही जणांनी निर्दोष म्हणून निकाल दिला. मग दोन बंडखोरांनी जखऱ्याला तिथंच मंदिरात मारून दरीत फेकलं, आणि न्यायाधीशांना तलवारीच्या चपट्या बाजूनं झोडपत आवाराबाहेर हाकललं.